सात नावांची घंटा

घंटा ओतायची ठरली की आठ दिवस आधीपासून आईच्या ओठांवर गुणगुण सुरू व्हायची. भांडी घासताना, केस विंचरताना, जिना चढता चढता मध्येच एका पायरीवर थांबून. ती गुणगुण कानावर आली की घरात सगळ्यांना कळायचं, ओव्या जुळून आल्या, आता भट्टी पेटवायला हरकत नाही.

या वेळी आठ दिवसांत आई एकदाही गुणगुणली नाही.

धाकटीनं किती कान दिला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, न्हाणीघराच्या भिंतीला कान लावला. नुसता पाण्याचा आवाज. आणि आज तर भट्टी पेटलीसुद्धा होती. पहाटेपासून जुन्या फुटक्या घंटेचे तुकडे आणि वर थोडं तांबं मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, पडलं होतं. दुपारी त्यात कथील घालायचं, आणि कथील पडल्यापासून सात ओव्या संपेपर्यंत जेवढा वेळ जाईल, तेवढ्याच वेळानं धातू साच्यात ओतायचा. आधी नाही, मागाहून नाही. लवकर ओतला तर अंगात हवा धरतो, उशिरा ओतला तर थराला थर चिकटत नाही. या ओतशाळेत पाच पिढ्या हेच घड्याळ.

सात ओव्या म्हणजे सात नावं. घरातली सात गेलेली माणसं. पहिली मातीची आई, जिनं पहिल्यांदा साच्याची माती मळली. तिचा लेक लांब्या. मग मुका, जो बोलू शकायचा पण बोलायचा नाही. मग तिरळा, मग चिडका, मग झोपेत भिंत कापल्यासारखा घोरणारा करवत्या. आणि सातवा शीळवाला, म्हणजे धाकटीचे बाबा. नऊ वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांचं नाव शेवटी लागलं आणि सगळ्यांत वरचं नाव गळालं. कोळसेवाला म्हणून कुणी होता. त्याची ओवी धाकटीनं लहानपणी शंभरदा ऐकली असेल. आता आठवायला बसलं तर एक शब्द आठवत नाही. ओवीतून गेला तो घरातूनच गेला.

आणि चार महिन्यांपूर्वी भोवरा गेला. धाकटीचा दादा. एका जागी म्हणून उभा राहायचा नाही, म्हणून भोवरा. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि अकराव्या दिवशी भोवरा निजला तो निजलाच. मूस उचलून कलती करायची दांडी बाबांनंतर त्याच्या हातात होती. आज ती धाकटीच्या हातात येणार होती, आणि या घरात बाईच्या हातात दांडी यायची ही पहिलीच वेळ.

म्हणजे हिशेब सरळ होता. भोवरा सातवा लागणार. सगळी नावं एकेक घर वर सरकणार. आणि मातीची आई गळणार. सातांतली एकटी बाई, आणि तीही नेमकी आजच.

धाकटी हे कुणाजवळ बोलली नव्हती. सख्ख्या भावाच्या नावाला जागा हवी, आणि आपल्याला मात्र शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुणा आजीचं वाईट वाटतंय, हे बोलायचं तरी कसं? काल संध्याकाळी तिनं आईला एवढंच विचारलं होतं, "आई, उद्या दादाचं नाव...?"

"मूस घासलीस?" आई म्हणाली.

"घासली. पण नाव..."

"परत घास."

विषय तिथंच मिटला. मूस मात्र दोनदा घासून झाली.

*

दहाच्या सुमारास वहीवाल्या बाई आल्या. महिनाभर त्या गावातल्या खोलीत उतरल्या होत्या. देशोदेशी फिरून कारागिरांच्या रीती लिहून घेणं हा त्यांचा उद्योग. पहिल्या दिवशी काका त्यांना बघून म्हणाले होते, "आमच्या रीती लिहून घ्या, पण जाताना इथंच ठेवून जा, आम्हाला लागतात." तेव्हापासून दोघांचं बरं जमलं होतं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. भट्टी त्यांची, कोळसा त्यांचा, आणि बडबडही त्यांचीच.

बाई भिंतीकडेच्या बाकावर बसल्या. साच्याचा खड्डा त्यांच्यापासून दहा पावलांवर. त्यात सहा आठवडे खपून धाकटीनं उभा केलेला साचा गळ्यापर्यंत मातीत पुरला होता. वर दोनच भोकं दिसत होती. एक धार सोडायचं, दुसरं आतली हवा बाहेर यायचं.

"परत सांगा," बाई काकांना म्हणाल्या. "नियम दोनच ना?"

"दोन. ओवी ओठांवर असताना धार सोडायची नाही. ओतणं मुक्यानं. आणि जित्या माणसाचं नाव ओवीत घ्यायचं नाही."

"मोडले कुणी कधी?"

"पहिला मोडला चिडक्यानं. त्याला कुठला दम! सहावी ओवी चालू असतानाच मूस कलती केली. घंटा झाली, नाही असं नाही. पण आवाज असा, की पत्र्याच्या डब्यावर डाव आपटावा. शेवटी त्या घंटेत कोंबड्यांना पाणी ठेवायचे."

"आणि दुसरा?"

काकांचं हसू गेलं. "तो कुणी मोडलेला नाही."

बाईंनी लिहून घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "मी एका गावी मुखवटे कोरणाऱ्यांकडे राहिले होते. सगळा मुखवटा रंगवतात आणि डोळे शेवटी. तेही मुखवट्याकडे पाठ करून, आरशात बघत. एकीकडे ढोल मढवणारे चामडं ताणायच्या आधी त्याला गोंजारून काहीतरी कानात सांगतात. विणणाऱ्या बायका भेटल्या, त्या गालिच्याचा शेवटचा कोपरा मुद्दाम चुकवतात. वाळूची चित्रं काढणारे बघितले, ते संध्याकाळी चित्र पुसून टाकतात. मी सगळ्यांना विचारते, असं का? प्रत्येकजण वेगळं कारण सांगतो."

"मग खरं कारण कुठलं?" धाकटीनं विचारलं. ती मांडी घालून मुशीची दांडी पुसत बसली होती.

"मला विचाराल तर सगळं काम माणूस धीटपणे करतो. अगदी शेवटचा हात फिरवायचा असतो ना, तिथं भितो. आता आपल्या हातात काही उरलं नाही, असं वाटतं. रीत नेमकी तिथंच सापडते. सगळीकडे. भीतीच्या जागेवर."

आई कोपऱ्यात कथलाचे लहान लहान तुकडे फडक्यानं पुसून ताटलीत लावत होती. मान वर न करता म्हणाली, "भिऊन बसायला वेळ कुणाला असतो? तेवढ्यात धातूवरची मळी काढायची असते."

त्या दिवशीचं तिचं पहिलं वाक्य. काका हसले. धाकटीला हसू आलं नाही. आईचा आवाज बसलेला होता.

*

दारातून नावाड्यानं डोकं घातलं. घंटा त्याच्या धक्क्यावरची. नदी रुंद, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं असं पडतं की होडीच्या एका टोकावरून दुसरं दिसत नाही. घंटेच्या आवाजावर होड्या किनाऱ्याला लागतात. जुनी घंटा फुटल्यापासून तिथं लोखंडी रुळाचा तुकडा टांगून बडवणं चाललं होतं. त्याचा आवाज पाण्यावर चालतच नाही. परवा एक होडी धक्का चुकून खडकावर गेली होती. नऊ माणसं भिजली, एकाचा हात मोडला.

"झाली का घंटा?"

"हो, कालच झाली," काका म्हणाले. "खिशात घालून ने."

"थट्टा नाही. आज पाण्यावर पांढरं होतं. पातळ होतं, पण होतं. पंधरा दिवसांत भिंत उभी राहील." मग त्याची नजर धाकटीच्या हातातल्या दांडीवर गेली. "ही ओतणार?"

"का? तू ओततोस?"

"नाही बाबा. मला पाणीच बरं." तो जरा घुटमळला. "ही बिघडली तर दुसरी कधी?"

काकांनी नुसतं साच्याच्या खड्ड्याकडे बघितलं. साचा बांधायला आणि वाळायला सहा आठवडे. तोवर धुकं येऊन, होड्या आपटून, जायचं ते जाऊन झालेलं असणार. नावाड्याला उत्तर मिळालं. तो डोकं हलवत निघून गेला.

काका धाकटीजवळ येऊन उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "ऐक. वहिनींचं आज काही खरं नाही. गळा बसलाय, मनात काय चाललंय ते ब्रह्मदेवाला ठाऊक. मध्येच गहिवरून थांबल्या तर? तू घड्याळ बांध. कथील पडल्यापासून सव्वाचार मिनिटं. भोवऱ्यानं मोजून ठेवलं होतं, मला सांगितलं होतं."

"दादानं? गुपचूप?"

"तो काय तुझ्याएवढा साळसूद होता? दर वेळी मोजायचा. दर वेळी सव्वाचार. दोन-चार सेकंद इकडंतिकडं."

धाकटीनं वर जाऊन दादाचंच घड्याळ आणलं. हातमोज्याच्या आत, मनगटावर उलटं बांधलं. पट्टा ढिला होत होता, तिनं जुन्या भोकांपलीकडे सुरीनं नवं भोक पाडलं.

बाराला काकांनी झाकण उचलून मुशीत डोकावलं. "आलं. वहिनी, कथील."

आई उठली. ताटली घेऊन भट्टीकडे जाण्याऐवजी ती आधी धाकटीसमोर आली. तिनं लेकीचा डावा हात हातात घेतला, मोजा मागं सारला, आणि पट्टा सोडला. जणू लहान मुलीच्या वेणीची रिबीन सोडावी तसा. घड्याळ आपल्या पदराच्या टोकाला बांधून खोचून टाकलं.

"मूस धरणाऱ्या हाताला काही बांधायचं नाही."

"आई, पण..."

"माझ्याकडे कान ठेव. बास."

धाकटीनं काकांकडे बघितलं. काका भाता ओढत दुसरीकडेच बघत होते, जसं काही त्यांचा या घराशी संबंधच नाही.

*

कथील मुशीत पडलं आणि आईनं डोळे मिटले. भट्टीचा घोंघावणारा आवाज, त्यावर बसक्या गळ्यातून पहिला सूर निघाला, जरा खरखरत, मग स्थिर. पहिलं नाव कुणाचं?

*माती मळिते मातीची आई, बोटांना तिच्या नाही घाई*
*कथील जाई तांब्याच्या ठायी, दोघांची सोयरीक होई*

मातीची आई! राहिली, अजून राहिली. धाकटीला एकदम हलकं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तेवढंच जड. म्हणजे दादा नाही. आईनं त्याला घेतलंच नाही. त्याचं नाव घेतलं की तो गेला हे खरं होणार, आणि आईला ते अजून खरं करायचं नाहीये.

विचार करायला सवड नव्हती. प्रत्येक ओवी तीनदा म्हणायची, आणि प्रत्येक ओवीला एक काम. नाव बदललं तरी काम बदलत नाही. लांब्याची ओवी आली, काकांनी ओली फांदी मुशीत घालून ढवळलं, धातू खदखदला, हिरवा धूर उठला. मुक्याची आली, भट्टीचं तोंड बंद झालं. तिरळ्याच्या ओवीला धाकटीनं साच्याच्या भोकाशी गाल नेऊन आत ओल नाही ना ते बघितलं. कोरडा, उबदार श्वास तोंडावर आला. चिडक्याच्या ओवीला तिनं झाऱ्यानं मळी काढली. करवत्याची ओवी आली तशी दांडी मुशीला अडकली, एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला ती. कलतं करायचं टोक तिचं.

*शीळ घालीत शीळवाला, आगीच्या दारी उभा ठेला*
*केशरी रंग मुशीला आला, आता उशीर कशाला*

मूस उचलली गेली. ओझं खांद्यांतून कमरेत उतरलं, कमरेतून टाचांत. सात पावलं. बाबांची ओवी दुसऱ्यांदा. मूस साच्याच्या तोंडावर. तोंडावर झळ अशी, की भुवया कुरकुरल्या. तिसऱ्यांदा. *आता उशीर कशाला.*

संपली. आता शांतता पडणार, आणि त्या शांततेत ती दांडी फिरवणार. पाच पिढ्या असंच. तिच्या मनगटानं वळायला सुरुवातही केली.

आणि आईनं श्वास घेऊन आठवा सूर लावला.

*भोवरा माझा भिरभिरला...*

धाकटी जागच्या जागी थिजली. मनगट अर्ध्यावर. समोर काकांचे डोळे एवढे मोठे झाले. आठवी ओवी नव्हतीच. आठव्या ओवीला काम नव्हतं, वेळ नव्हता, जागा नव्हती. आईनं कुणालाच काढलं नव्हतं. सातही ठेवले होते आणि लेकाला मागं जोडलं होतं, पंगतीत आणखी एक पान वाढावं तसं. पण धातूला कुठं वाढीव पान ठाऊक?

मुशीतला केशरी रंग काठाशी तांबूस व्हायला लागला. त्यावर सायीसारखा एक पापुद्रा सरकला.

"ओत," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले.

ओवी ओठांवर असताना धार सोडायची नाही. आणि ही कुणाची ओवी? दादाची. चार महिने जे नाव आईच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, ते ती आता गात होती. ते मध्ये तोडायचं? त्याला पुरतं नावसुद्धा मिळू द्यायचं नाही?

*...फिरता फिरता निजून गेला*

आईचे डोळे मिटलेले. गालांवरून पाणी वाहत होतं, पण सूर हलत नव्हता. तीन वेळा म्हणणार ती. तीन वेळांत धातू दगड होईल. पांढरी भिंत, खडक, नऊ माणसं. पापुद्रा मुशीच्या मध्यापर्यंत आला.

"पोरी!" काका.

धाकटीनं दांडी फिरवली.

धार सुटली. जाड, गुळगुळीत, सूर्यासारखी. पापुद्रा फाटून बाजूला झाला. साच्याच्या पोटात गडगड झाली असणार, पण तिला ऐकू आली नाही. कारण आई गात होती. शांततेत ओतायचं ते उगीच नव्हे, हे तिला त्या क्षणी उमगलं. साचा भरत आला की आतला आवाज चढत जातो, त्यावर हात आवरायचा. आता कान गेले होते. उरले डोळे.

आणि तेवढ्यात ओवीची दुसरी ओळ आली.

*हात त्याचा धाकटीला, वाट दे गं या धारेला*

धाकटीला. म्हणजे मला. मी जिवंत आहे, आणि माझं नाव ओवीत.

हात दचकला. धार क्षणभर बारीक झाली, सुतळीएवढी झाली, तुटते की काय अशी. काकांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. धाकटीनं दात आवळले. वाट दे गं. वाट दे म्हणतेय ती. मी मोडला तो नियम मोडायलाच ती सांगतेय. तिनं मनगट पुन्हा वळवलं, धार पुन्हा जाड झाली, आणि मग आईबरोबर, दुसऱ्या खेपेला, तिच्याही ओठांतून शब्द निघाले. मोठ्यानं नव्हे. श्वास ओतण्याला लागत होता, त्यातून उरेल तेवढाच.

तिसरी खेप संपत आली, तेव्हा हवेच्या भोकातून लाल थेंब वर आला. काकांनी हात उचलला. धाकटीनं मूस उभी केली. आई गायची थांबली.

आता पडली शांतता. मातीखालून टिक टिक आवाज येत होता, धातू निवत असल्याचा. वहीवाल्या बाईंच्या हातातली पेन्सिल मोडून मांडीवर पडली होती. त्यांना ते कळलंही नव्हतं.

काका आईकडे वळले. "वहिनी, काय केलंत हो! जित्या पोरीचं नाव..."

आईनं पदराची गाठ सोडली, घड्याळ धाकटीच्या हातावर ठेवलं आणि कुणाकडे न बघता आत निघून गेली.

*

घंटा तीन दिवस मातीत निवते. ते तीन दिवस घरात जो तो पाय न वाजवता चालला. काका दर घटकेला धाकटीच्या कपाळाला हात लावून बघायचे. "ताप नाही ना? खोकला?"

"काका, तुम्ही असे बघत राहिलात तर येईल."

"हसू नकोस. भोवराही हसतच होता."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं आईला गाठलं. आई माळ्याच्या जिन्यावर बसून शेंगा सोलत होती. धाकटी खालच्या पायरीवर बसली, चार शेंगा सोलल्या, आणि म्हणाली, "सांगायचं तरी होतंस."

"मलाच कुठं ठाऊक होतं? आठ दिवस जुळवत होते. आतल्या आत. त्याला सातवा लावला की मातीची आई हातची जाते. तू दांडी धरणार, आणि त्याच दिवशी तिला घालवू? करवत्याला काढावं म्हटलं, तर तुझ्या बाबांचा बाप तो. मुक्याला काढावं, तर तो बिचारा तक्रारसुद्धा करायचा नाही, म्हणून त्याचंच जास्त वाईट वाटायला लागलं." शेंग सोलता सोलता आईचा हात थांबला. "मी कुणाला काढू? तूच सांग."

धाकटीनं पुढची शेंग उचलली.

"सातवी संपली तेव्हा मी थांबणार होते. खरंच. तोंड मिटायला गेले, तर त्याचंच नाव आत उभं. मिटेना."

"आणि माझं नाव?"

आईनं हातातली शेंग सोलून संपवली. "तुझं नाव घ्यायचं ठरवलं नव्हतं. त्याचा हात म्हटलं, आणि तो हात कुणाला तरी द्यायला नको का? असा हवेत कसा ठेवू?"

धाकटीनं शेंगांची सालं ओच्यात गोळा केली. मग हळूच म्हणाली, "तुझं 'वाट दे' यायच्या आधीच मी ओतलं, आई. दादाची ओवी मी तोडली."

"तोडली कुठं? तू म्हणत होतीस की माझ्याबरोबर. मी ऐकलं."

*

तिसऱ्या दिवशी माती उकरली. साचा फोडला. घंटा बाहेर आली, काळी, खरबरीत, अजून कोमट. काका ब्रशानं ती घासत गेले आणि खांद्यापाशी आले तसे थांबले.

"रेघ आहे."

केसाएवढी बारीक. घंटेच्या खांद्यावरून निम्मी फिरून विरून गेलेली. जिथं हात दचकला तिथली. नावाडी दारात उभा होता, तो आत आला नाही. लांबूनच म्हणाला, "फुटली?"

"थांब जरा," काका खेकसले.

रेघ नुसती कातडीवर आहे की आरपार, हे बघायची एकच युक्ती. काकांनी घंटा आडवी केली, आतून रॉकेल फासलं, बाहेरून रेघेवर खडू घासला. आरपार असेल तर पांढऱ्या खडूवर ओली काळी ओळ उमटणार. उमटायला वेळ लागतो. अर्धा तास थांबायचं.

शेवटी नावाडीही आत आला. चौघं घंटेभोवती बसली, वहीवाल्या बाई पाचव्या. कुणी कुणाकडे बघेना. आईनं धाकटीचा हात धरला होता, तोच डावा. दहा मिनिटं झाली. खडूवर एक ठिपका दिसला, काका पुढं वाकले, आणि तो ठिपका उडून गेला. माशी होती.

"माशीला आजच मुहूर्त सापडला," नावाडी पुटपुटला.

वीस मिनिटं. पंचवीस. खडू पांढरा. अर्धा तास झाल्यावर काकांनी आणखी पाच मिनिटं घेतली, स्वतःच्या समाधानासाठी. खडू पांढराच.

त्यांनी अंगठ्यानं तो पुसला, आणि तोच अंगठा डोळ्यांखालून फिरवला. चेहऱ्यावर पांढरा पट्टा उमटला. "टांगा," म्हणाले. एवढंच.

तुळईला घंटा टांगली. लाकडी हातोडा काकांनी आईपुढं धरला, आईनं तो धाकटीकडे सरकवला.

धाकटीनं ठोका दिला.

आधी एक स्वच्छ, भरीव नाद उठला आणि खोलीच्या भिंतींना लागून परत आला. काकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण नाद विरता विरता त्याच्या पोटातून दुसरा एक निघाला. खालचा, घुमणारा, कमीजास्त होत गोल गोल फिरणारा. घूं... घूं... घूं... जुन्या घंटेत तो नव्हता. कुठल्याच घंटेत नव्हता. तो संपतो संपतोसं वाटायचा आणि आणखी एक फेरी घ्यायचा.

आईनं तोंडावर पदर धरला.

"हा कसला आवाज?" वहीवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

काकांनी हातानंच थांबा अशी खूण केली.

नावाडी मान तिरकी करून ऐकत होता, पुरता विरेपर्यंत. "परत मार," तो म्हणाला. धाकटीनं मारला. तो दारातून बाहेर गेला, रस्ता ओलांडून, कोपऱ्यापलीकडे गेला, तिथून ओरडला, "परत!" मग आणखी लांबून, अगदी बारीक, "परत!" मग हाक येईना, तरी धाकटी ठोके देत राहिली. परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"वरचा आवाज वाड्याच्या वळणापर्यंत. पण तो खालचा आहे ना, तो धक्क्यापर्यंत येतो. विरत नाही लेकाचा. फिरत राहतो." त्यानं घंटेवर हात ठेवला. "धुक्यात दुसऱ्या कशाशी गल्लत व्हायची नाही. ही मला चालते."

घंटा काकांनी आणि नावाड्यानं उचलून गाडीवर ठेवली. वहीवाल्या बाई निघायच्या आधी वही उघडून उभ्या राहिल्या. "मी काय लिहू? सात की आठ? आणि नियम दोन की एकही नाही?"

"पुढची घंटा होईपर्यंत थांबा," काका म्हणाले. "आम्हालाही बघायचंय."

संध्याकाळी धाकटी न्हाणीत हातांची काजळी काढत होती. वरून जिन्यावर पावलं वाजली, आणि पावलांबरोबर गुणगुण. तिनं पाण्याची धार बंद केली. मातीची आई झाली. लांब्या झाला, मुका झाला. एकेक पायरीला एकेक नाव. करवत्या. शीळवाला. मग पावलं थांबली. गुणगुणही थांबली.

धाकटी ओल्या हातांनी जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली. वर आई कठडा धरून उभी होती, पाठ इकडे.

"आई? थांबलीस का?"

"दम लागलाय," आई न वळता म्हणाली. "तू म्हण की खालून."